स्वप्नातली रायफल



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन श्रोत्यांनी फोन करून विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाचा माणूस शिकारीच्या बंदुकीवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यात एकदाही बंदुकीचा चाप ओढलेला नाही. घरात झुरळ निघालं तरी आमच्या सौभाग्यवतींनाच हाक मारतो. पण या विषयाशी आमची गाठ ॲरिस्टॉटल शिकवताना पडली, आणि ती अजून सुटलेली नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात इच्छा आणि निवड यांत फरक केला आहे. इच्छा अशक्य गोष्टीचीही असू शकते. मला अमर व्हायचंय, अशी इच्छा कोणीही करू शकतो. निवड मात्र आपल्या हातात असलेल्या गोष्टींचीच होते. आणि विचारविनिमय आपण साध्याबद्दल करत नाही, साधनाबद्दल करतो. रोग्याला बरं करायचं की नाही, यावर वैद्य विचार करत बसत नाही. कसं बरं करायचं, यावर करतो.

हा फरक वर्गात समजावताना आम्ही आजोबांची गोष्ट सांगायचो. आमचं गाव वऱ्हाडातलं, अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजोबा शेतकरी. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत कुलमुखत्यारपत्रं, सातबारे आणि पंचांगं यांच्या खाली एका विलायती बंदूक-कंपनीचा जाडजूड कॅटलॉग होता. कोणा गोऱ्या साहेबाच्या कॅम्पातल्या रद्दीतून तो त्यांनी आणला होता. आजोबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्या कॅटलॉगमध्ये एका पानावर, एका दुनळी रायफलीच्या चित्राशेजारी, शिसपेन्सिलीने काढलेली ठळक खूण होती. पुस्तकात दुसरी खूण नाही. त्यातली बहुधा सगळ्यात महाग बंदूक तीच. आणि आजोबांकडे काय होतं? रानडुकरांपासून पीक राखायला मिळालेल्या परवान्यावरची एक ठासणीची बंदूक.

आम्ही वर्गात म्हणायचो, "पाहा, ही इच्छा. ही निवड नव्हे." पोरं हसायची. आम्हीही हसायचो. चाळीस वर्षं ही गोष्ट आम्ही सांगत आलो. ती चुकीची सांगत होतो, असं आता वाटतं. का, ते शेवटी सांगतो. त्याआधी त्या पेन्सिलीच्या खुणेपर्यंत पोहोचायला थोडा इतिहास चालून जावा लागेल.

मोठ्या जनावरासाठी कोणती बंदूक घ्यावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात का उभा राहिला? कारण युरोपातला शिकारी हिंदुस्थानात, सिलोनात आणि आफ्रिकेत आला, तेव्हा त्याच्या हातातली बंदूक हरणासाठी बनलेली होती आणि समोर हत्ती, गवा, गेंडा उभा होता. काळ्या दारूची ताकद मर्यादित. गोळीचा वेग फार वाढवता येत नव्हता. मग उरलं काय? गोळीचं वजन. म्हणून नळ्या रुंद होत गेल्या.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. जुन्या बंदुकीचं बोअर मोजायची रीत उलटी आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या जितक्या गोळ्या नळीच्या मापाच्या होतील, तितकं बोअर. बारा बोअर म्हणजे पौंडात बारा गोळ्या. चार बोअर म्हणजे पौंडात चार, म्हणजे एकेक गोळी शंभर ग्रॅमच्या वर. आकडा लहान, तशी तोफ मोठी.

सॅम्युएल बेकर हा या रुंद नळ्यांच्या पंथाचा मोठा पुरस्कर्ता. सिलोनात त्याने हत्तींची शिकार केली, त्यावर १८५४च्या सुमारास पुस्तक लिहिलं आणि पुढे नाईलचा उगम शोधायला आफ्रिकेत गेला. तिकडे त्याच्याकडे एक खास बनवून घेतलेली रायफल होती. तिचं लाडाचं नाव 'बेबी'. वजन वीस पौंड, म्हणजे नऊ किलो, आणि गोळा अर्ध्या पौंडाचा. तिथले अरब तिला तोफेचं पोर म्हणायचे. तिचा बार काढला की खुद्द बेकर, धिप्पाड माणूस, गर्रकन फिरून जायचा. तो स्वतःच कबूल करतो की तिचा बार काढायची त्याला धास्ती वाटायची.

हे वाक्य थांबून ऐकण्यासारखं आहे. ज्या साधनाने जनावराची भीती घालवायची, त्या साधनाचीच भीती.

फ्रेडरिक सेलूसची तीच कथा. हा १८७१मध्ये, वयाच्या विशीच्या आत, दक्षिण आफ्रिकेत उतरला. सुरुवातीची वर्षं हस्तिदंतासाठी हत्ती मारले ते चार बोअरच्या ठासणीच्या बंदुकांनी. एकदा बार फुसका गेला. बंदूक सांभाळणाऱ्या गड्याने गडबडीत त्याच नळीत दुसऱ्यांदा दारू आणि गोळी ठासली. पुढचा बार उडाला तेव्हा सेलूस उचलून फेकला गेला. पुढे या माणसाने लिहून ठेवलं की या बंदुकांशी आपला संबंधच आला नसता तर बरं झालं असतं. त्यांच्या धक्क्याने आपल्या मज्जातंतूंवर परिणाम झाला आणि नेम कायमचा बिघडला. नंतर तो हलक्या रायफलींकडे वळला.

आता आपल्याकडे येऊ. जेम्स फोर्सिथ हे नाव सातपुड्यातल्या माणसाला परकं नाही. मध्य प्रांतात काम केलेला हा लष्करी अधिकारी. पचमढीला बायसन लॉज बांधणारा तोच. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचं त्याचं पुस्तक १८७१मध्ये आलं आणि त्याच वर्षी तो वारला. पण त्याआधी, १८६३मध्ये, त्याने शिकारीची रायफल आणि तिच्या गोळ्या या एकाच विषयावर पुस्तक लिहिलं होतं.

त्याचं म्हणणं साधं होतं. युरोपातल्या रायफली दूरच्या निशाण्यासाठी बनतात. नळीत आटे जोरात पिळलेले, गोळी लांबट. पण आपल्या रानात जनावर दिसतं पन्नास-शंभर पावलांवर, बांबूच्या बेटातून, क्षणभर. तिथे अंतर मोजायला वेळ कुठे? म्हणून नळीचे आटे कमी पिळाचे करा, गोल गोळी वापरा, दारू भरपूर भरा. गोळी जवळच्या पल्ल्यात सरळ रेषेत जाईल आणि अंतराचा हिशेब करावाच लागणार नाही. मंडळी, साधनाचा विचार कसा करावा याचा हा नमुना आहे. 'सगळ्यात चांगली बंदूक कोणती' हा प्रश्न फोर्सिथ विचारत नाही. तो विचारतो, इथे, या झाडीत, मला काय लागेल?

मग आली धूरविरहित दारू. १८८४मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने ती बनवली. १८८९मध्ये इंग्लंडमध्ये ॲबेल आणि ड्युअर यांनी कॉर्डाइट काढलं. यापूर्वी बार काढला की समोर पांढऱ्या धुराचा पडदा. जनावर पडलं, पळालं की अंगावर येतंय, काही दिसायचं नाही. आता धूर गेला आणि वेग वाढला. वेग वाढला म्हणजे गोळी लहान झाली तरी चालेल. १८९८मध्ये जॉन रिग्बी यांच्या कारखान्याने .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणलं. गोळी जेमतेम एकतीस ग्रॅमची. बेकरच्या अर्ध्या पौंडाच्या गोळ्याचा सातवा भाग. आणि हत्ती थांबवायला पुरेशी. पन्नास वर्षांचं ओझं एका रसायनाने खाली उतरवलं.

आता शिकाऱ्यापुढे दोन वाटा होत्या, आणि त्या दोन वाटांवर माणसं आजही भांडतात.

पहिली वाट दुनळी रायफल. एका दस्त्यावर दोन नळ्या, दोन चाप, दोन स्वतंत्र कळा. म्हणजे खरं तर एकमेकींना डाक लावून जोडलेल्या दोन रायफली. एकीची कळ बिघडली तरी दुसरी जिवंत. पहिल्या बारानंतर खांद्यावरून न उतरवता, काहीही न ओढता, नुसतं बोट मागच्या चापावर नेलं की दुसरा बार. पण दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच ठिकाणी लागाव्यात म्हणून कारागिराला नळ्यांची तोंडं केसभर इकडे-तिकडे करत, पुन्हा पुन्हा बार काढून जुळवावी लागतात. तेही एका ठरावीक काडतुसासाठीच. म्हणून ती महाग. राजे-महाराजे आणि बडे साहेब लोक यांच्यासाठीच ती लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत बनायची. शिवाय कॉर्डाइट उन्हाळ्यात तापलं की नळीतला दाब वाढतो आणि रिकामं काडतूस अडकून बसण्याची भीती. म्हणून उष्ण मुलखासाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसं वेगळी निघत. वैशाखातल्या मेळघाटाचा विचार लंडनमध्ये बसून कोणी तरी करत होतं.

दुसरी वाट माउझरची. पॉल माउझर या जर्मन कारागिराचं १८९८चं मॉडेल. एक नळी, खाली काडतुसांची पेटी आणि हाताने मागे-पुढे करायचा खटका. मूळ सैन्यासाठी बनवलेली. तिच्यात पोलादाची एक लांब पकड असते. काडतूस पेटीतून वर आलं की ती त्याला कडेला धरते आणि रिकामं होऊन बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. साधी, मजबूत, स्वस्त. रिग्बी, हॉलंड, जेफरी या इंग्रज कारखान्यांनी तिच्यावर आपली मोठी काडतुसं बसवली. १९११ची .४१६ रिग्बी, १९१२ची .३७५ हॉलंड अँड हॉलंड. ही .३७५ तर आज शंभर वर्षांनंतरही चालते. एकाच रायफलीत सगळं हवं असेल तर ही घ्यावी, असं जॉन टेलर या आफ्रिकेतल्या जुन्या शिकाऱ्याने १९४८च्या आपल्या पुस्तकात ठासून सांगितलं.

या दोन वाटांच्या भांडणात एक माणूस मात्र तिसरंच काही सांगत होता. वॉल्टर बेल. स्कॉटलंडचा, जन्म १८८०. याने हजाराहून जास्त हत्ती मारले. ऐकून अंगावर काटा येतो. यायलाच हवा. दंतासाठी केलेली ती कत्तल होती, तिला दुसरं नाव नाही. पण हे हत्ती त्याने कशाने मारले? बहुतेक .२७५ रिग्बीने. ही मुळात सैनिकांच्या सात मिलिमीटर माउझरची धाकटी बहीण. गोळी साधारण अकरा ग्रॅमची. बाकीचे शिकारी जिथे सहा किलोची .५७७ खांद्यावर वाहायचे, तिथे हा हरणाची बंदूक घेऊन फिरायचा.

हे त्याला कसं जमलं? त्याने हत्तीची कवटी करवतीने मधोमध कापून पाहिली. त्या प्रचंड डोक्यात मेंदू कुठे असतो, किती लहान असतो, समोरून, बाजूने, तिरकस मागून तिथे पोहोचायची वाट कोणती, हे त्याने पाठ केलं. कवटीचा बहुतेक भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ हाडाचा. त्यातून सरळ जाईल अशी लांब, अख्खी पोलादी-निकेली आवरणाची, न पसरणारी गोळी त्याने निवडली. धक्का कमी, म्हणून डोळे मिटायचे नाहीत. वजन कमी, म्हणून दिवसभर चालून हात थरथरायचा नाही.

बेकरचं उत्तर होतं ताकद. दुनळीवाल्याचं उत्तर होतं खात्री. बेलचं उत्तर होतं ज्ञान. पण आमच्या विद्यार्थ्यांनी इथे लगेच टाळी वाजवू नये. ज्ञानाने नीती आपोआप येत नाही, हे बेलच्याच हजार हत्तींनी सिद्ध केलं आहे. शिवाय बेलचं पाहून ज्यांनी हलक्या बंदुका घेतल्या आणि ज्यांना ती कवटी ठाऊक नव्हती, त्यांनी हत्ती जखमी केले आणि काही स्वतःच चिरडले गेले.

आता एक वेगळा मुद्दा. ही सगळी स्वप्नं कोणाला परवडत होती? पैशाचं सोडून द्या. कायद्याने कोणाला परवडत होती?

लिटनच्या काळात, १८७८ साली, हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा ठरलं. गोऱ्यांना त्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध तक्रार होत राहिली. कारण ज्याच्या शेतात वाघ येतो त्याने परवाना मागायचा आणि जो वाघ मारण्याची मौज करायला येतो त्याने तसाच यायचा, हा अपमान सगळ्यांना कळत होता. संस्थानिकांची गोष्ट निराळी. कोल्हापूरचे शाहू महाराज पट्टीचे शिकारी, चित्त्यांकरवी हरणांची शिकार करायचे. आजचं राधानगरी अभयारण्य ही कोल्हापूर संस्थानाचीच राखीव शिकारीची जागा. पण रयतेच्या वाट्याला फार तर ठासणीची बंदूक.

आणि गंमत अशी, की गोऱ्यांच्या स्वप्नालाही या भीतीची झळ लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० मापाच्या शिकारी रायफलींवर बंदी आणली. का? कारण जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी बंदुका त्याच मापाच्या होत्या. साहेबाच्या काडतुसांतली गोळी बंडखोरांच्या हाती पडली तर त्या बंदुकांत भरता येईल, ही धास्ती. मग लंडनच्या कारखान्यांनी काय केलं? माप किंचित वाढवलं. .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी काडतुसांची सगळी पिलावळ जन्माला आली. आज रायफलींचे शौकीन या आकड्यांवर तासन्‌तास वाद घालतात, अमक्यात ताकद जास्त की तमक्यात. त्यातले काही आकडे जनावरामुळे नव्हे, तर आपल्या लोकांच्या भीतीमुळे जन्मले, हे फार थोड्यांना आठवतं.

अशीच एक विसंगती गोळीचीही. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात लागताच पसरणारी गोळी बनू लागली. १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरू नयेत असं जाहीर केलं, कारण त्यांनी माणसाला विनाकारण यातना होतात. शिकारीत मात्र तीच गोळी चांगली मानली गेली, कारण तिने जनावर लवकर मरतं आणि यातना कमी होतात. एकच गोळी, एकाच कारणासाठी, एकीकडे निषिद्ध आणि दुसरीकडे उचित. याचं कोडं उलगडतं ते साध्यापाशी. युद्धात सैनिकाला लढाईबाहेर काढणं पुरतं, त्याला मारणं हे साध्य नसतं, निदान कागदावर तरी. शिकारीत मरण हेच साध्य असतं. आणि ते एकदा पत्करलं की अर्धवट मरण देण्याचा अधिकार शिकाऱ्याला उरत नाही.

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा कणा इथे आहे. रायफल निवडण्यातला खरा प्रश्न 'मेलं तर' हा नाही. 'नाही मेलं तर' हा आहे.

चंपावतची वाघीण आठवा. १९०७ साल, कुमाऊँ. जिम कॉर्बेट तेव्हा तिशीच्या आसपास. या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले होते. तीनशेच्या आसपास गावकरी डोंगरावर उभे करून, तहसीलदाराच्या मदतीने हाका घातला. कॉर्बेटकडे .५०० कॉर्डाइट रायफल. खिशात काडतुसं किती? तीन. तिन्ही उडवली. वाघीण जखमी झाली, पण मेली नाही. एका कातळावर उभी राहून ती अंगावर यायच्या बेतात. रिकाम्या हाताने हा माणूस तहसीलदाराकडे धावत गेला आणि त्याची बंदूक मागून आणली. वाघिणीपासून वीस फुटांवर आल्यावर त्याला दिसलं, की या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये चांगली फट आहे. बार काढला तर काय होईल सांगता येत नव्हतं. तरी काढला. नेम उघड्या जबड्यावर धरला होता, गोळी लागली पंजाला. सुदैवाने आधीच्या जखमांनी वाघीण तेवढ्यात संपत आली होती.

या पराक्रमाबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. तीच .२७५ रिग्बी, बेलची आवडती. दस्त्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख असलेली छोटी चांदीची पट्टी. हलकी, नेमकी, देखणी. शौकिनांच्या जगात ती आज जवळजवळ देव्हाऱ्यातली वस्तू आहे. कॉर्बेटच्या मागे ती त्याच्या प्रकाशकांकडे राहिली आणि २०१५मध्ये रिग्बी कंपनीने ती परत मिळवली.

पण आम्हाला विचाराल तर या कथेतली महत्त्वाची वस्तू ती रायफल नाही, आणि ती फटीची बंदूकही नाही. वाघीण पडल्यावर कॉर्बेटने तिचा जबडा पाहिला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा, दोन्ही सुळे मोडलेले होते. जुन्या गोळीने. नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, हा कॉर्बेटचा निष्कर्ष. म्हणजे काही वर्षांपूर्वी, कुठल्या तरी रानात, कोणी तरी एक बार काढला होता. तो कोण, साहेब की शेतकरी, त्याची बंदूक दुनळी की ठासणीची, कोणालाच ठाऊक नाही. बार अर्धवट लागला. जनावर झाडीत गेलं. त्या माणसाने मागे जाऊन पाहिलं नसावं, किंवा पाहूनही सापडलं नसावं. त्याची किंमत ४३६ माणसांनी मोजली. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. रायफलीचा क्रमांक मात्र माहीत आहे.

आता आजोबांकडे परत येऊ.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या आत्या, तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या, आमच्याकडे राहायला आल्या होत्या. आम्ही त्यांना हसत हसत तो कॅटलॉग दाखवला आणि वर्गातला विनोद सांगितला. आत्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बापू, तुले कोनं सांगतलं नाही का रे?"

मग त्यांनी सांगितलं. आत्या तेव्हा सहा-सात वर्षांच्या. गावात बिबट्याने वासरं मारायला सुरुवात केली होती. आजोबांनी गोठ्याच्या माळ्यावर बसून ठासणीचा बार काढला. बिबट्याला लागलं, पण तो नाल्याकडच्या झाडीत गेला. सकाळी आजोबा त्याच्या मागावर निघाले. जायलाच हवं, कारण त्या नाल्यावर बायका पाण्याला जायच्या. सोबत एक कोरकू गडी, माग काढण्यात हुशार, हातात फक्त कुऱ्हाड. बिबट्या झाडीतून आला तो थेट अंगावर. आजोबांनी बार काढला, तो हुकला. ठासणीची बंदूक पुन्हा भरायची म्हणजे नळीत दारू ओता, बोळा घाला, गोळी घाला, गजाने ठासा, टोपी बसवा. सराईत हाताला मिनिटभर लागतं. त्या मिनिटभरात बिबट्याने त्या गड्याला खाली घेतलं होतं. आजोबांचा दुसरा बार लागला. बिबट्या मेला. गड्याचा उजवा हात खांद्यापासून गेला, आणि पंधरवड्याने तोही गेला.

"मंग लय दिवस बाबा बोललेच नाहीत," आत्या म्हणाल्या. "दर सालाला जवारीचं एक पोतं त्याच्या घरी जाये. बाबा होते तोवर गेलं. अन् ते चित्राचं पुस्तक त्यायनं त्याच्या पुढच्या साली आनलं. रात्री कंदिलापाशी पाहत बसत."

आम्ही तो कॅटलॉग पुन्हा उघडला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. किंमत त्यांनी वाचलीच नसेल. कारखान्याचं नाव, दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड, कळेवरची नक्षी, यातलं काही त्यांच्यासाठी नव्हतं. त्या चित्रात त्यांना एकच गोष्ट वाचता येत होती. नळ्या मोजता येत होत्या. एक, दोन.

आम्ही ज्याला हौस समजत होतो, तो हिशेब होता. मिनिटभराचा हिशेब.

ॲरिस्टॉटल त्याच ग्रंथात पुढे आणखी एक गोष्ट सांगतो, जी आम्ही दरवर्षी शिकवली आणि कधी आजोबांशी जोडली नाही. घडून गेलेल्या गोष्टीची निवड कोणी करत नाही. ट्रॉय लुटायचं की नाही हे आज कोणी ठरवत नाही. विचार होतो तो पुढच्याचा, आणि देवालाही झालेलं न झालेलं करता येत नाही. आम्ही वर्गात सांगत होतो की आजोबांची खूण ही निवड नव्हे, इच्छा आहे, कारण ती बंदूक त्यांना परवडणारी नव्हती. निष्कर्ष बरोबर होता, कारण चुकीचं होतं. ती बंदूक त्यांना पुढे कधी हवी होती असं आम्हाला वाटत नाही. आत्या सांगतात, त्या दिवसानंतर त्यांनी ठासणीच्या बंदुकीलाही हात लावला नाही, डुकरं हाकलायला डबे वाजवायचे. त्यांना ती हवी होती त्या एका सकाळी. मागे जाऊन. अशक्याची इच्छा म्हणतात ती हीच.

पुढे काळ बदलला. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आमचा मेळघाट पहिल्या काही प्रकल्पांतला. केनियाने १९७७मध्ये शिकार बंद केली. आज आपल्या देशात मोठ्या जनावरासाठी स्वप्नातली रायफल निवडणं हे बहुतेकांसाठी नुसतं वाचन आहे, आणि आमच्या मते ते तसंच राहावं. पण रायफलीच्या जागी दुसरं काही ठेवून पाहा. यंत्र ठेवा, औषध ठेवा, कायदा ठेवा. आपण साधनांच्या ताकदीचे आकडे घोकतो. बेकरचा प्रश्न विचारतो, फार तर बेलचा. 'चुकलं तर दुसरा बार आहे का, आणि नसेल तर माझ्याबरोबर कुऱ्हाड घेऊन कोण उभं आहे' हा प्रश्न विचारायला त्या नाल्यावर जाऊन यावं लागतं. ज्यांनी जाऊन यायची किंमत दिली त्यांचं ऐकून तो विचारता आला, तर बरं.

त्या कोरकू गड्याचं नाव आम्ही आत्यांना विचारलं. त्यांना आठवलं नाही. त्या पुन्हा पुन्हा आठवायचा प्रयत्न करत होत्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. आता ते नाव सांगणारं आमच्या घरात कोणी नाही. कॅटलॉगमधल्या त्या रायफलीचं नाव मात्र ठळक अक्षरांत छापलेलं आहे. आज आम्ही ते मुद्दामच सांगितलेलं नाही.